‘तुमचं झालंच समजा’

आमच्या ऑफिसात एक मीटिंग चालू असताना मधेच एका सिनिअर मॅनेजरना एक फोन करायचा होता, उठून बाहेर जायचा कंटाळा आला असेल म्हणा किंवा घाई असेल, त्यांनी तिथेच टेबलावर फोन ठेवला आणि स्पीकरवर लावला. पलीकडे एक मुलगा होता, त्याचे इंटरव्ह्यूचे सगळे राउंड होऊन गेले होते, आणि ह्यांनी अगदी मनापासून, प्रसन्न आवाजात त्याला सांगितलं, “तुमचं झालंच समजा, लेटर येईल दोनेक दिवसांत, तुम्ही तुमच्याकडे बोलून घ्या.” पलीकडून आधी काहीच आवाज नाही. मग दाबून धरलेला श्वास सुटल्याचा आवाज, मग “थँक यू सर, खरंच खूप थँक यू”, आणि त्याच्या मागून कुणीतरी बाई विचारतायत, झालं का रे? काय म्हणाले? फोन ठेवला गेला, स्क्रीनवर पुढची स्लाइड आली, सगळे परत आकड्यांकडे वळले. मला मात्र त्या मागच्या आवाजाने जे धरून ठेवलं ते सुटेचना, कारण ज्या घरात ते वाक्य पोचलं तिथे आत्ता काय चालू असेल हे मला चांगलं माहीत होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. तिमाहीचे आकडे वाईट आले, वरून मेल आला, नवीन भरती बंद, ज्या जागा भरल्या नाहीत त्या तूर्त होल्डवर. मी मॅनेजरना विचारलं त्या मुलाला कळवलंत का, तर ते म्हणाले एचआर कळवेल. एचआरमधल्या मुलीला विचारलं तर ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, म्हणाली अगं पण आमच्याकडून ऑफर गेलीच नव्हती, सिस्टीममध्ये त्याचं स्टेटस अजून ‘इंटरव्ह्यू पूर्ण’ असंच दिसतंय, जी ऑफर दिलीच नाही ती मी मागे कशी घेऊ? आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे रिजेक्टचा मेल पाठवायची सोय होती, लेटर पाठवायची सोय होती, पण ज्याला फोनवर हो म्हणून झालंय आणि आता नाही म्हणायचंय अशा माणसासाठी त्या सिस्टीममध्ये रकानाच नव्हता.

म्हणजे ती ऑफर फक्त त्या मुलाच्या घरात होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक ऑफर माझ्याही घरात राहून गेलीय. रिक्रूटरचा आवाज फार गोड होता, आजही आठवतो, ती म्हणाली होती अभिनंदन, टीमला तू खूप आवडलीस, फक्त पेपरवर्क बाकी आहे. त्यानंतरचे दिवस कसे असतात ते ज्याने काढलेत त्यालाच कळेल. फोनचा आवाज फुल ठेवायचा, बाथरूममध्येही फोन न्यायचा, अनोळखी नंबर दिसला की छातीत धडधड आणि तो निघायचा कर्जवाल्यांचा. स्पॅम फोल्डर उघडून बघायचा, परत बघायचा, मेल आयडी बरोबर दिला होता ना म्हणून जुना फॉर्म काढून एकेक अक्षर तपासायचं. नव्या ऑफिसचा रस्ता मॅपवर बघून ठेवलेला, हातात किती पगार येईल त्याचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर केलेला. आणि ह्या सगळ्यात आपण जुन्या नोकरीतून मनाने केव्हाच उठून गेलेलो असतो. मी तर जायचंच आहे म्हणून एक चांगलं ट्रेनिंग, ज्याची मी खूप दिवस वाट बघत होते, ते शेजारच्या मुलीला देऊन टाकलं होतं, मोठ्या मनाने, निघून जाणाऱ्या माणसाला जो एक मोठेपणा येतो तसा. जुनी खुर्ची, ते खडखड करणारं प्रिंटर, लिफ्टजवळचा तो पिवळा दिवा, सगळ्याबद्दल मला माया वाटायला लागली होती, कारण ते सगळं आता माझं राहणार नव्हतं.

मग हळूहळू आवाज बंद होत गेला. पहिल्या मेलला उत्तर आलं, अप्रूव्हल प्रोसेसमध्ये आहे. दुसऱ्याला फक्त ‘लवकरच कळवते’. त्यानंतर काहीच नाही. फोन लावला की पूर्ण रिंग वाजायची, नंतर नंतर दोन रिंगमध्ये कट व्हायला लागला आणि त्या कट होण्याचा आवाज, तो छोटासा टुक्, तो मला पूर्ण रिंगपेक्षा जास्त लागायचा, कारण त्याचा अर्थ असा की पलीकडे माणूस आहे, त्याने माझं नाव वाचलंय, आणि वाचून बोट दाबलंय. मला कुणी नाही म्हणालंच नाही शेवटपर्यंत. मला कळलं ते जॉब पोर्टलवर, एका संध्याकाळी सहज बघताना, तीच पोस्ट, तीच जाहिरात, त्यातली ती एक स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच, आणि खाली ‘आज टाकली’ असं लिहिलेलं.

राग पहिल्यांदा आला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण अशा वेळी लोक म्हणतात तुला राग नाही आला? पहिल्यांदा आली ती शरम. शेवटच्या फोनवर मी पगाराबद्दल विचारलं ते चुकलं का, जॉइनिंगची तारीख पुढची मागितली म्हणून का, माझ्या आवाजात जास्तच आनंद होता का आणि त्यांना वाटलं असेल हिला दुसरं काही मिळत नाहीये. काही कारण सांगितलं गेलं नाही की माणूस कारण स्वतःमध्ये शोधतो, आणि शोधलं की सापडतंच. बजेट गेलं असेल, आतल्याच कुणाला घेतलं असेल, ज्या माणसाने मला निवडलं तोच कंपनी सोडून गेला असेल, हे त्या वेळी डोक्यातही येत नव्हतं, आणि घरात ज्यांना ज्यांना सांगून ठेवलं होतं त्यांच्यासमोर जेवायला बसणं नको वाटायचं. ते काही विचारत नसत, तेच जास्त जड जायचं.

आता इतकी वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसल्यावर हे होतं कसं ते मला दिसतं. ज्या मॅनेजरला माणूस हवाय त्याला निवड करायचा अधिकार असतो पण जागा मंजूर करायचा नसतो, ती मंजुरी फायनान्सकडे, पगाराच्या आकड्याची मंजुरी आणखी वर, आणि बॅकग्राउंड चेक तिसऱ्याच एजन्सीकडे. ह्या सगळ्या सह्या व्हायच्या आधीच मॅनेजर फोन करून मोकळा होतो, कारण चांगला उमेदवार दुसरीकडे जाईल ही भीती असते, आणि खरं सांगायचं तर चांगली बातमी द्यायला माणसाला आवडतं. कधी कधी ह्याहून वाईट असतं, पहिल्या पसंतीचा उमेदवार अजून पगारावर घासाघीस करत असतो आणि तो निसटला तर हाताशी कुणीतरी असावं म्हणून दुसऱ्याला गोड बोलून धरून ठेवलेलं असतं. पहिल्याने हो म्हटलं की दुसऱ्याचा फोन कट व्हायला लागतो. हे मी होताना पाहिलंय, त्या खोलीत कुणालाच आपण काही वाईट करतोय असं वाटत नसतं, सगळे त्याला ‘बॅकअप’ म्हणतात. तो बॅकअप मात्र तिकडे घरमालकाशी बोलत असतो, मुलांच्या शाळेची चौकशी करत असतो.

माझ्या एका मैत्रिणीने तर पेपर टाकले होते. तोंडी ऑफर मिळाली, समोरच्यांनी जॉइनिंगची तारीखही सांगितली, आणि नोटीस पिरियड मोठा म्हणून तिने वेळ जायला नको असा विचार करून लगेच राजीनामा दिला. लेटर आज येईल उद्या येईल करता करता नोटीस पिरियड अर्धा संपला तेव्हा तिकडून एक ओळीचा मेल आला, बिझनेसच्या गरजा बदलल्या आहेत, तुम्हाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. ती परत आपल्या बॉसकडे गेली, राजीनामा मागे घेऊ का विचारायला. ती त्या केबिनबाहेर उभी असतानाच तिने मला फोन केला होता, काही बोलली नाही, नुसती फोनवर होती, मागे कॉफी मशीनचा आवाज येत होता. बॉस बरे होते पण तिच्या जागी आतलाच एक मुलगा ठरून गेला होता आणि आता त्याला नाही कसं म्हणायचं, असं ते म्हणाले. म्हणजे त्यांनी त्यांचा शब्द पाळला, आणि तो पाळल्यामुळेच तिची जागा गेली. त्यांच्यावर मला कधी रागावता आलं नाही.

तिच्यासाठी तेव्हा काही करता येतं का म्हणून मी जे मिळेल ते वाचत सुटले होते, त्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा 1981 चा एक निकाल सापडला आणि तो मला आजही तोंडपाठ असल्यासारखा आठवतो. डिसेंबर 1975 ची गोष्ट. एक तरुण फार्मासिस्ट एका औषधाच्या दुकानात नोकरी करत होता, त्याला एका आरोग्यसंस्थेतून फोन आला, नोकरी देतोय, त्याने हो म्हटलं आणि सांगितलं की इथे दोन आठवड्यांची नोटीस द्यावी लागेल. त्याच दुपारी त्याला एका सरकारी हॉस्पिटलकडूनही नोकरी चालून आली, ती त्याने ह्या शब्दावर विसंबून नाकारली. राजीनामा दिला. आणि माझ्या अंगावर काटा आला तो पुढच्या तपशिलाने, की संस्थेच्या माणसाने परत फोन करून खात्री करून घेतली, राजीनामा दिलास ना? त्यानंतर त्यांना समजलं की आपल्या नियमाप्रमाणे आधी लेखी रेफरन्स लागतो, तो त्यांना मिळेना, आणि त्यांनी दुसराच माणूस घेतला. त्या फार्मासिस्टला कुणी कळवलं नाही. नोटीस संपत आली तेव्हा त्यानेच फोन करून सांगितलं की मी आता कामाला यायला मोकळा आहे, तेव्हा त्याला कळलं.

खालच्या कोर्टात तो हरला होता, वरच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या कायद्यात नेमणूक झाल्यावर मालक दुसऱ्या दिवशीही काढू शकतो, तेव्हा तसा पक्का करार झालाय असं काही कोर्टाने म्हटलं नाही. पण तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून एखादा माणूस हातातली नोकरी सोडेल हे तुम्हाला माहीत होतं, त्याने ती सोडली, तर तुम्हाला हात झटकून मोकळं होता येणार नाही असं म्हटलं. आणि नुकसान मोजताना नव्या नोकरीत काय मिळालं असतं ह्यापेक्षा जुनी सोडून आणि दुसरी नाकारून त्याने काय गमावलं ते बघायचं. हे वाचताना मला रडू आलं होतं, एका लांबच्या देशातल्या जजला ती केबिनबाहेरची मैत्रीण दिसली होती असं वाटलं.

आपल्याकडेही 1872 च्या करार कायद्याप्रमाणे करार तोंडी असला तरी चालतो, नोकरीच्या बोलण्याला कागद नसला म्हणून ते आपोआप शून्य होत नाही. प्रस्ताव मागे घेता येतो, पण समोरच्याने होकार कळवायच्या आत. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात फोनवर काय बोलणं झालं ते सिद्ध कोण करणार, वकिलाचे पैसे कोण भरणार, आणि एवढं करून कुठलंही कोर्ट सहसा कंपनीला ‘ह्याला नोकरीवर घ्याच’ असं सांगत नाही, मिळाली तर नुकसानभरपाई मिळते. मैत्रिणीने दोन वकिलांशी बोलून विषय सोडून दिला, तिला आधी दुसरी नोकरी शोधायची होती. आणि कागद हातात असला तरी सगळं भागतं असंही नाही, जून 2022 मध्ये कॉइनबेस ह्या क्रिप्टोचे व्यवहार चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीने लोकांनी स्वीकारलेल्या ऑफर मागे घेतल्या होत्या, काही जणांनी तोवर जुनी नोकरी सोडलेली. पण तिथे निदान कंपनीने स्वतः जाहीरपणे सांगितलं की आम्ही हे करतोय. कुणाला जॉब पोर्टलवर स्पेलिंगच्या चुकीवरून ओळखावं लागलं नाही.

ह्यावर एचआरमधले लोक एक मुद्दा नेहमी काढतात, की उमेदवारही हेच करतात, ऑफर घेतात, ती दाखवून दुसरीकडे जास्त पगार मिळवतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. खरंय, मीही अशा रिकाम्या खुर्च्यांसमोर वेलकम किट घेऊन थांबलेय आणि वैतागलेय. तेही चुकीचंच आहे. पण दोन्ही नुकसानं सारखी आहेत असं मला कुणी सांगितलं तर मी भांडते. कंपनीचं एक काम काही आठवडे लांबतं, परत इंटरव्ह्यू घ्यावे लागतात. माणसाचा हप्ता चुकतो, इन्शुरन्स बंद होतो, रिझ्युमेमध्ये एक भोक पडतं आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये त्या भोकाबद्दल विचारलं जातं.

त्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. मी मॅनेजरच्या मागे लागले, रोज नाही पण दिसले की विचारायचे, केलात का फोन. एकदा ते एकदम म्हणाले, “आता काय तोंडाने सांगू त्याला?” आणि मला पहिल्यांदा समजलं की हे टाळणं निष्ठुरपणातून आलेलं नाहीये, ह्या माणसाला लाज वाटतेय. तितकीच लाज, जी मला जेवणाच्या टेबलावर वाटत होती. फरक एवढाच की ह्यांची लाज लपवायचा खर्च तो मुलगा भरत होता. शेवटी त्यांनी फोन लावला, ह्या वेळी स्पीकरवर नाही, मी शेजारी बसले होते. पण ऐन वेळी त्यांना नाही म्हणवेना. ते म्हणाले सध्या होल्डवर आहे, बघूया, काही झालं तर कळवतो. आणि मला पलीकडून अस्पष्ट ऐकू आलं, “मग सर, मी थांबू का?” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते, नाही म्हणा, स्पष्ट नाही म्हणा. ते म्हणाले, “बघा तुम्ही कसं जमतं ते.”

मला तो फोन न करण्यापेक्षा वाईट वाटला आणि तसं मी त्यांना म्हणाले. नंतर त्याच दिवशी एचआरच्या मुलीकडून त्याला एक साधा मेल पाठवायला लावला, ही जागा आता भरली जाणार नाही, कृपया आमच्यासाठी थांबू नका. तिने आधी विचारलं की लीगलवाल्यांना चालेल ना, कारण त्यांना वाटतं जितकं कमी लिहू तितकं बरं. चाललं. त्या मुलाने उत्तरात धन्यवाद लिहिले. त्याने तोवर राजीनामा दिला होता की नाही हे मला माहीत नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून पॅनलवर माझं काम असलं तर मी एक वाक्य स्वतः उमेदवाराला सांगते, की आम्हाला तुम्ही आवडलात पण मंजुरी बाकी आहे, लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि दुसरे इंटरव्ह्यू थांबवू नका. ह्याने कुणी निसटलं तर निसटू दे. ह्यावरून एकदा माझी वरच्यांकडे तक्रारही झालीय, उमेदवाराला थंड करते म्हणून.

आणि आता माझा मामेभाऊ. गेल्या महिन्यात त्याचा रात्री फोन, “ताई, झालं! तोंडी कन्फर्म केलंय, लेटर येतंय.” त्याच्या आवाजात तोच सुटलेला श्वास होता. त्याला ते ऐकायचं नव्हतं पण मी विचारलं, जागा मंजूर आहे का, सही कुणाची बाकी आहे, बॅकग्राउंड चेक आधी की नंतर? त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि असं विचारलं तर ते नाराज होतील असं त्याला वाटत होतं. हे ‘नाराज होतील’ माझ्या फार ओळखीचं आहे. जे प्रश्न विचारल्यावर नाराज होऊन ऑफर काढून घेतात त्यांच्याकडे ती ऑफर कितपत होती? असो, बराच वेळ वाद घालून आम्ही दोघांनी मिळून मेल लिहिला. आज फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणे, पद हे, पगार हा, जॉइनिंग ह्या तारखेच्या आसपास, ह्यात काही चुकलं असल्यास कळवावे. माझ्या सध्याच्या ठिकाणी नोटीस द्यायची असल्याने लेटर मिळाल्यावरच मी राजीनामा देईन, तेव्हा ते अंदाजे कधी मिळेल? काही मंजुरी बाकी आहे का? एवढंच, चार ओळी, पण त्याने त्या इतक्या वेळा बदलल्या, ‘कृपया’ घातलं, काढलं, परत घातलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. फायनान्सची मंजुरी बाकी आहे, पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय घेतला जाईल, आत्ता निश्चित तारीख देता येत नाही. भाऊ चिडला, आधी त्यांच्यावर, मग थोडा माझ्यावरही, विचारलं नसतं तर निदान महिनाभर आनंदात तरी राहिलो असतो म्हणाला, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, मला कळतं तो आनंद काय असतो ते. त्याने पेपर टाकलेले नाहीत. ज्या दुसऱ्या कंपनीला तो नाही कळवायला निघाला होता तिथला शेवटचा राउंड सोमवारी आहे, त्याची तयारी करतोय, आणि पहिल्या ठिकाणच्या त्या मीटिंगची तारीख त्याने कॅलेंडरवर टाकून ठेवलीय.